साडी फाटेना, गोधडी होईना

घरात तीन कपाटं कपड्यांनी गच्च भरलेली असतात. दार उघडलं की वरच्या खणातल्या दोन-तीन साड्या आपणहून अंगावर येतात. पलंगाच्या पेटीत, माळ्यावरच्या ट्रंकेत, शिलाई मशीनच्या खाली, जिथं हात घालाल तिथं कापड. आणि त्याच घरात एका गोधडीपुरतं कापड काढायचं म्हटलं तर निघत नाही. ज्यांना हे खोटं वाटत असेल त्यांनी आपल्या घरातल्या बायामाणसांना "यातली कुठली साडी कापायची?" एवढंच विचारून बघावं, आणि विचारण्याआधी दोन दिवसांच्या जेवणाची सोय बाहेर करून ठेवावी.

आमच्याकडे हा प्रश्न भाचीनं काढला, तोही पुण्याहून, म्हणजे सुरक्षित अंतर राखून. दोंडाईच्याच्या माझ्या नणंदबाईंची ही मुलगी. बाळंतपण आटोपून नुकतीच पुण्याला परतलेली. तिथल्या एका दुकानात तिनं काचेमागे 'पारंपरिक गोधडी' टांगलेली बघितली, तिच्या कोपऱ्याला लटकणारी चार आकडी किंमत बघितली, आणि तिला एकदम आजोळच्या मायेचं भरतं आलं.

"मामी, बाळाला आजीच्या हातची एक गोधडी हवी गं. विकतचं काही आणू नका. घरात जुनं काही पडलेलं असेल ना, त्याचीच करा."

'घरात जुनं काही पडलेलं असेल' असं ज्याला वाटतं, त्यानं घर पाहिलं असेल, संसार पाहिलेला नसतो. संसारात पडलेलं असं काहीच नसतं. जे असतं ते कुणीतरी ठेवलेलं असतं.

जिजींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, उमेदीच्या काळात गोधडीसाठी कापड निवडायची वेळ कुणावर आलीच नाही. कापड वयोमानानुसार स्वतःच निवृत्त व्हायचं. नऊवारी लुगडं आधी मधोमध विरायचं. मग विरलेला भाग काढून, दोन टोकं जोडून, दांड भरून ते आणखी दोन वर्षं चालायचं. मग त्याची झबली, मग लंगोट, आणि कुणालाच कसलाच उपयोग उरला नाही की उरलंसुरलं गोधडीच्या पोटात. उन्हाळ्यात पापड-बिबड्यांची वाळवणं आटोपली की दुपारच्या ओट्यावर बायका सुया घेऊन बसायच्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके घेऊन दमल्या की त्यांनाही चार टाके घालायला लावायचे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी हिवाळ्यात पेपरात येते, तोवर इकडे प्रत्येक पोरगं गोधडीत गुडुप झालेलं असायचं. लुगडं फाटलं, गोधडी झाली, इतका तो सरळ व्यवहार होता.

आता घोडं अडतं ते पहिल्याच पायरीवर. हल्लीची साडी फाटत नाही.

आमचं शिंदखेडा सुरत-भुसावळ रेल्वेवर. सुरतेच्या उधना-लिंबायतला ज्याचं कुणीच नाही, असं घर तालुक्यात शोधावं लागेल. ही मंडळी कानबाईच्या रोटांना येतात, लग्नाकार्याला येतात, आणि येताना साड्या आणतात. आमच्या तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो. तो जिनिंगला जातो, त्याच्या गाठी बांधतात, आणि मग तो कुठल्या कुठं जातो ते आम्हाला कळत नाही. त्याच्या बदल्यात तापीच्या उलट दिशेनं सुरतेचं पॉलिएस्टर वर येतं. या देवाणघेवाणीत घाम तेवढा आमच्याकडे शिल्लक राहतो.

आणि पॉलिएस्टर मरत नाही. माझ्या लग्नात आहेरात एक जांभळी साडी आली होती. लग्नाचा अल्बम पिवळा पडला, कॅसेट लावायचं यंत्र भंगारात गेलं, साडी देणाऱ्यांशी आमचं बोलणं बंद होऊन परत सुरूही झालं. साडीचा मात्र एक धागा हललेला नाही. ती फडकं म्हणून घ्यावी तर पाणी टिपत नाही. खिडकीला लावावी तर ऊन अडवत नाही. शेवटी शेतातल्या बुजगावण्याला नेसवली, तर पाखरं बघायला म्हणून जास्तच यायला लागली. ती परत आणली. आता कपाटात आहे.

तरी एका रविवारी आम्ही कपाटं उपसली. मी, जिजी आणि आमचे हे. हे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कामात त्यांचा हात नसला तरी सिद्धांत असतो.

पहिला ढीग निघाला आहेराच्या साड्यांचा. या साड्या नेसण्यासाठी नसतात, देण्यासाठी असतात. वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढायची नाही असा दंडक. पिशवीत आतल्या बाजूला एक चिठ्ठी असते, साडी कुणाकडून आली त्याची. म्हणजे नजरचुकीनं त्यांनाच परत जायला नको. यातल्या एका मोरपंखी साडीनं तालुका इतका पालथा घातलाय की तिला एसटीनं पास द्यायला हरकत नाही. बेटावदच्या लग्नात आम्ही ती दिली. तिथून ती चिमठाण्याच्या साखरपुड्याला गेली, नरडाण्याच्या बारशात दिसली, आणि यंदा एका वास्तुशांतीला आमच्याच ओटीत येऊन पडली. आत चिठ्ठी होती. अक्षर माझं होतं.

"हिचीच करू गोधडी," मी म्हटलं. "फिरून फिरून दमली असेल."

"मंग आहेरमा काय देशी?" जिजींनी विचारलं आणि साडी मांडीखाली घेतली.

दुसरा ढीग ब्लाऊजपीसांचा. संक्रांतीचं हळदीकुंकू, डोहाळजेवण, सवाष्ण, सत्यनारायण, कुठंही गेलं की नारळासोबत एक ब्लाऊजपीस पदरात पडतो. पूर्वी तो चांगला मीटरभर असायचा. मग ऐंशी सेंटिमीटरवर आला. हल्ली जो मिळतो त्यात माझ्या एका दंडाची बाही होते आणि दुसऱ्या दंडाला पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबावं लागतं.

इथं ह्यांना मोबाइलवर काहीतरी सापडलं. "ऐका. अमेरिकेत गोधडीसाठी म्हणून मुद्दाम असेच तुकडे विकायला ठेवतात. १८ बाय २२ इंचांचा एक तुकडा, त्याला म्हणतात फॅट क्वार्टर. आणि अडीच-अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी मिळते, तिला म्हणतात जेली रोल."

जिजींनी चष्मा काढला. "नवं कापड फाडीसन इकतस?"

"हो."

"आनि लोके इकत लेतस? आनि परत जोडतस?"

"हो, जिजी. छंद म्हणून."

जिजी बराच वेळ विचार करत राहिल्या. मग कळवळून म्हणाल्या, "तेस्ना घरमा म्हतारी मानसं नहीत का?"

ब्लाऊजपीसांना हात लावू द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्या बाईची ओटी कशानं भरायची, हा त्यांचा सवाल होता, आणि अमेरिकेकडेही त्याला उत्तर नव्हतं.

तिसरा ढीग ह्यांच्या पँटांचा. सगळ्या टेरिकॉटच्या, सगळ्या करकरीत आणि सगळ्या कमरेला चार बोटं कमी. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून त्या जपून ठेवल्या आहेत. वजन उतरल्यावर लागतील म्हणून. त्यांतली एक नुसती उचलून बघितली, तर हे एकदम हळवे झाले. "ही नको. ही घालून मी तुला बघायला आलो होतो." मी ती पँट नीट बघितली. मग त्यांना नीट बघितलं. मग घडी घालून परत ठेवली.

राहता राहिली जिजींची ट्रंक. आमची सगळी भिस्त तिच्यावर होती. जिजींनी आयुष्यभर सुती लुगडी नेसली. मालेगावची रंगीत, काठापदराची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. बाळाच्या अंगाखाली घालायला याहून चांगलं कापड त्रिभुवनात नाही. ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला, आणि आत स्टीलचा एक भलामोठा डबा दिसला.

"जिजी, लुगडी कुठंयत?"

जिजींनी डब्यावर बोटांनी टकटक केलं. "समदं दिधं नि हाऊ डबा लिधा. झाकनसुद्धा!"

बोहारणीकडून डब्यावर झाकण वसूल केलं, हा जिजींच्या आयुष्यातला एक मोठा विजय आहे, आणि तो त्या साग्रसंगीत सांगतात. बोहारीण दोनदा उठून कशी फाटकापर्यंत गेली, दोनदा कशी परत आली, उन्हात तिच्या कपाळावर कसा घाम आला, सगळं. आम्ही डबा उघडला. आत ब्लाऊजपीस होते.

ट्रंकेत एक इरकलही होती. अस्सल सुती, मऊसूत, अंजिरी रंगाची. मी हात पुढे केला.

"ती नको. जवय मी मरसू तवय मना अंगवर टाकज्यात."

आता या वाक्यानंतर कापडाविषयी काही बोलता येतं का, तुम्हीच सांगा.

तळाला अंथरलेलं मामंजींचं, म्हणजे आबांचं, एक जुनं धोतर तेवढं राहिलं. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांचे भोंगे वाजायचे त्या जमान्यातलं मिलचं कापड. पार विटलेलं, मधून आरपार दिसणारं, एका कोपऱ्याला ट्रंकेच्या गंजाचा डाग. त्यावर मात्र दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं.

"पोतेरं करा त्याचं," हे म्हणाले.

"पोतेऱ्यालाही टिकायचं नाही," मी म्हटलं.

जिजींनीही मान डोलावली. ओटा पुसायला होईल म्हणून ते धुऊन दोरीवर टाकलं, आणि विषय संपला.

त्यानंतर विज्ञानाला रान मोकळं मिळालं. कापूस हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे पॉलिएस्टरमध्ये घाम जिरत नाही, असं ह्यांनी आम्हाला समजावलं. जिजींनी ऐकून घेतलं. गेल्या मे महिन्यात पारा ४४ वर असताना जॉर्जेटची साडी नेसून त्या एका हळदीत दोन तास बसल्या होत्या. त्यांना टक्केवारीची गरज नव्हती. पण ह्यांचं म्हणणं असं, की घरातल्या कुठल्या कापडात किती कापूस आहे हे आधी शास्त्रशुद्ध ठरवू, मग निवड करू. त्याला उपाय सोपा: धागा काढायचा, काडी लावायची. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि भुरभुर राख पडते. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर असेल तर धागा ज्योतीपासून अंग चोरतो, वितळतो आणि त्याची टणक काळी गोळी होते.

ओट्यावर पाट मांडला, पाटावर ताटली, शेजारी पाण्याचा तांब्या. शेजारपाजारच्या बायका कसली पूजा आहे म्हणून चपला काढून आल्या. प्रयोग सुरू झाला. 'प्युअर कॉटन' म्हणून आणलेल्या माझ्या दोन पंजाबी ड्रेसांची गोळी झाली. चादरीची राख आणि गोळी दोन्ही झाली. शेजारच्या काकूंनी उत्साहानं आपल्या पदराचाही एक धागा दिला. त्याची इतकी छान गोळी झाली की त्यांना ती घरी दाखवायला न्यायची होती.

मग ह्यांचा हात त्या साडीकडे गेला. नणंदबाईंनी जिजींच्या पंचाहत्तरीला दिलेली. 'प्युअर सिल्क'. ती दिली तेव्हा त्यांनी दुकानाचं नाव तीनदा आणि किंमत, नको नको म्हणत, चारदा सांगितली होती. मी डोळ्यांनी खुणावलं, पण प्रयोगशील माणूस कुणाचं ऐकत नाही. धागा निघाला, काडी पेटली. केस जळल्याचा वास यावा म्हणून आम्ही सगळ्या नाकं पुढे करून बसलो होतो.

वास आला नाही. धाग्यानं अंग चोरलं. ताटलीत काळी, टणक, चकचकीत गोळी पडली.

ओट्यावर अशी शांतता पसरली की मागच्या गल्लीतला गॅसवाला ऐकू आला. जिजींनी गोळी बोटानं दाबून बघितली. मुलाकडे बघितलं.

"तुनी काडीच खोटी शे," त्या म्हणाल्या, आणि प्रयोगशाळा बंद झाली.

घरात कापड नाही हे सिद्ध झाल्यावर विकत आणणं आलं. धुळ्याला गेलो. आग्रा रोडवरच्या एका दुकानात गादीवर बसलो आणि मी ठणकावून सांगितलं, "दादा, फक्त प्युअर कॉटन दाखवा."

"हे घ्या ताई. एकदम प्युअर."

"यात पॉलिएस्टर नाही ना?"

"थोडं आहे. मजबुतीसाठी."

"मग प्युअर कसं?"

"जेवढं कॉटन आहे तेवढं प्युअर आहे ना, ताई."

मी दुसरा तागा मागितला. "रंग जातो का याचा?"

"पहिल्या धुण्यात काय जायचा तो जातो. मग नाही जात."

"आणि आटतं का?"

"आटत नाही असं कापड देवानं केलं नाही, ताई. पाण्यातून काढा, आटेल तेवढं आटू द्या, मग कापा." त्यानं ह्यांच्याकडे एकवार बघितलं. "पाण्यातून काढल्यावर माणूस पण आटतो."

त्यानं मांजरपाट काढला, तो खरखरीत होता. मलमल काढली, ती इतकी झिरझिरीत की जिजींनी तिच्यातून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. पॉपलीन काढलं, त्याच्या किनारीवर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का होता. धुतल्यावर फारसं आटू नये म्हणून हे कापड आधीच दाबून आटवून घेतलेलं असतं, अशी माहिती ह्यांनी दुकानदाराला दिली. तो म्हणाला, "मग तुम्हीच इकडे येऊन बसा सर, मी चहा पिऊन येतो."

दुकानात ताग्यांचा डोंगर झाला. त्यातून आम्ही दोन गाऊनचं कापड, एक पडदा, ह्यांना चार बनियन, एक मच्छरदाणी आणि सवलतीत मिळाले म्हणून अर्धा डझन रुमाल घेतले. गोधडीसाठी अस्तराला दोन मीटर पॉपलीन घेतलं, तेही जिने उतरताना, दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून.

शिंदखेड्यात तोवर बातमी पसरली होती. ओट्यावर दुपारची समिती बसली. समितीत ज्यांनी आयुष्यात गोधडी शिवली नाही त्यांची मतं सर्वांत ठाम होती. पांढरं नको, मळतं. काळं नको, बाळाला चालत नाही. लाल नको, रंग जातो. निळं नको, मुलगा असला म्हणून काय झालं. पिवळं चालेल, पण हे पिवळं नको. सगळ्यांच्या मते गोधडीचा रंग मळखाऊ पाहिजे आणि उठावदारही पाहिजे. हे दोन्ही एकाच कापडात बघायचं असेल तर फक्त पुढाऱ्यांचं जाकीट उरतं.

त्यावरून कुणाला तरी आठवलं. मागच्या निवडणुकीत वाटलेली उपरणी प्रत्येक घरात पडून होती. खरोखर पडून! कुणाची आठवण त्यांत नव्हती, कुणाचा मान नव्हता, आणि ती मागायला परत कुणी येणार नव्हतं. तासाभरात सगळ्या पक्षांची उपरणी गोळा झाली. काडी लावायची गरजच नव्हती, ती कशाची आहेत हे हाताला कळत होतं. तरी ती एकावर एक अंथरून बघितली. पण त्या मुलायम कापडाला एकमेकांवर थांबायची सवयच नव्हती. एक थर टाचावा तर दुसरा भलतीकडे सरकायचा. शेवटी कोण वर आणि कोण खाली यावरून ओट्यावरच दोन तट पडायची वेळ आली, तेव्हा जिजींनी सगळी उपरणी गोळा करून गाईच्या गोठ्यात पाठवली.

समितीचा धीर सुटू नये म्हणून ह्यांनी पुन्हा मोबाइल काढला. "अमेरिकेत अलाबामात गीज बेंड म्हणून एक खेडं आहे. तिथल्या गरीब बायका शेतात घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. फाटक्या पँटा, पोती, हाताला लागेल ते. त्याच गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं भिंतीवर लावल्या! २००६ साली अमेरिकन टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली!"

बायका थक्क झाल्या. जिजी तेवढ्या चिंतेत पडल्या.

"भितवर लाया? मंग हिवायामा पांघरतस काय?"

एवढ्यात नणंदबाई स्वतः दोंडाईच्याहून आल्या, आणि कापडाचा प्रश्न एका क्षणात मानपानाचा झाला. नातू त्यांचा. त्यांनी पिशवीतून जरीकाठाची एक साडी काढली. "वरच्या बाजूला हीच पाहिजे. माझ्या बाळासाठी मी नवी आणलीय." सुरतेच्या जाऊबाईंना ही खबर कुणी दिली ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी रेल्वेनं एका माणसाच्या हाती त्यांचंही पार्सल आलं. टिकल्यांचं जॉर्जेट. सोबत फोन: "आमची पण काहीतरी आठवण नको का? वरच लावा हं. खाली लावली तर दिसत नाही."

म्हणजे एका गोधडीला दोन वरच्या बाजू हव्या होत्या. भूमितीत याला जागा नाही. संसारात आहे. एका बाजूनं नणंदबाईंची जर, दुसऱ्या बाजूनं जाऊबाईंच्या टिकल्या, मधे दोन मीटर पॉपलीन आणि नाइलाजानं दान केलेल्या दोन सुती चादरी. दोंडाईच्याला फोटो पाठवायचा तर ही बाजू, सुरतेला पाठवायचा तर ती. हे धोरण मी फ्रीजवर चिठ्ठी लावून ठेवलं, कारण हे फोटो काढण्यात पुढे असतात आणि विचार करण्यात मागे.

मग खरं काम सुरू झालं. धाब्यावर गोधडी अंथरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि गव्हाचं आधोली-पायलीचं माप ठेवलं. मोठे टाके घालून थर टाचले. जिजींनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात, चष्म्याशिवाय. कडेपासून आत, रांगेमागून रांग, धावदोरा. सुती चादरीतून सुई सुळकन जायची, आणि जॉर्जेटपाशी आली की कुरकुरायची. टिकली लागली की वाकडी व्हायची. जरीत अडकली की दोरा तुटायचा. आपण वरून ओढावं तर खालची सुरत सुरकुतायची. खालून ओढावं तर वरचं दोंडाईचा गोळा व्हायचं. जिजींची बोटं मात्र कुणाचीच भीड न ठेवता चालत होती. त्यांचे टाके एका मापाचे, एका रेषेत. माझे टाके कुठं लांब, कुठं आखूड, आणि मधेच एक मी माझ्या गाऊनलाच घातलेला. जिजींनी तो उसवला. काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्या टाक्यांवरून हात फिरवला आणि ती रांग पुन्हा घातली.

गोधडी झाली. देखणी झाली, हे कबूल केलं पाहिजे. वजनाला एवढी भरली की बाळाला त्यातून बाहेर काढायला माणूस लागला असता, पण देखणी झाली. दोन्हीकडे ज्याच्या त्याच्या बाजूचे फोटो गेले. दोन्हीकडून समाधानाचे फोन आले. पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या हाती ती पाठवायची ठरली, तर ती एकाही पिशवीत मावेना. गाडी सुटायची वेळ झालेली. मी दोरीवरचं ते आबांचं विटकं धोतर ओढलं, गोधडीभोवती गुंडाळलं, दोन गाठी मारल्या आणि गाठोडं दिलं पाठवून.

चार दिवसांनी भाचीचा फोन आला. स्पीकरवर लावला. नणंदबाईही योगायोगानं इथंच होत्या. अशा प्रसंगी त्या योगायोगानं इथंच असतात.

"मामी, काय सुंदर झालीय गं! येणारा जाणारा थांबून बघतो. आम्ही हॉलच्या भिंतीवर लावली."

जिजींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"अगं, त्याला त्यावर ठेवलं की रडतो. जर टोचते, टिकल्या टोचतात. पण तुम्ही वरून ते फडकं गुंडाळलं होतं ना, विटलेलं? पाण्यातून काढून सहज खाली घातलं, तर काय झोपला म्हणतेस! आता त्याशिवाय झोपतच नाही. एवढं मऊ काय आहे ते? आणखी आहे का तसलं?"

फोनच्या या बाजूला क्षणभर कुणीच बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले.

"आमच्या आबांचं धोतर ते!" नणंदबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, टाकू नका." तेव्हा त्या दोंडाईच्याला होत्या.

"८.५ टक्के!" हे ओरडले. "मी सांगत नव्हतो?"

"मी काय येडी शे ते इतला वरीस ट्रंकमा जपी ठेवाले?" जिजींनी विचारलं.

संध्याकाळी सुरतेहून जाऊबाईंचाही फोन आला. आबांना ते धोतर त्यांच्याच लग्नात, त्यांच्याच माहेरच्यांनी दिलं होतं असं त्यांना पक्कं आठवत होतं.

मी त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी लागले नाही. गाठोडं धोतरात बांधायची कल्पना नेमकी कुणाची, हे मी भाचीला दुपारीच वेगळा फोन करून सांगून ठेवलं होतं.